पूजेतला पाना

एका पान्यापायी आमचं ग्वाल्हेर सुटलं. असं म्हटलं की लोकांना वाटतं, म्हातारी काहीतरी बडबडतेय. वाटू दे. नट खोलायचा लोखंडी पाना, मुठीत मावेल एवढा, आणि त्याच्यापायी चांगल्या धडधाकट माणसाची उमेद जाते, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. कपडे धुवायच्या दगडावर उभी राहून पाहिलंय.

हे, म्हणजे माझे यजमान, सरकारी बसगाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात मिस्त्री होते. संस्थान होतं तेव्हा कारखाना दरबारचा. मग संस्थान विलीन झालं, कारखाना मध्य भारताचा झाला. मग मध्य भारतही गुंडाळला, नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी गेली भोपाळला. दरवाज्यावरची पाटी तेवढी बदलायची, आतली माणसं तीच. यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले, पण लढायला नाही. ते भटजी. शिपायांच्या हत्यारांची पूजा सांगायची, एवढंच त्यांचं काम. अशा घरात हा एकच मुलगा असा निघाला की ज्याच्या नखांत कायम काळं ग्रीस. सासूबाई म्हणायच्या, "अरे, त्या हातांनी संध्या करतोस?" हे म्हणायचे, "आई, साबण लावलाय." झालं, विषय संपला.

आम्ही तिघंच घरात. हे, मी आणि सासूबाई. क्वार्टर कारखान्याच्या भिंतीला लागूनच होतं. मागच्या अंगणात कपडे धुवायचा मोठा दगड होता, त्यावर चढलं की पलीकडचं आवार दिसे. मी दिवसातून चार वेळा चढायची. का खोटं बोलू, मला आवडायचं. सगळ्या गाड्या उघड्या पडलेल्या, आणि हे कुठल्यातरी चाकाशी बसलेले. यांची पाठ मी हजारांत ओळखली असती.

आता पाना. तेवढं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. गाडीच्या चाकाचे नट सहा कोनी असतात. आमच्याकडची धूळ तर माहीतच आहे, वर चंबळच्या बाजूचे ते रस्ते. नट गंजून असा बसतो की हालत नाही. पाना लावून जोर केला की नटाचे कोपरे झिजतात, नट गोल होतो, आणि गोल झालेला नट मग कुठल्याच पान्याला दाद देत नाही. छिन्नी घेऊन तोडायचा. गाडी दिवसभर अडकते, लोक ड्रायव्हरच्या नावानं शंख करतात.

एकदा मी पोळ्या करत होते. हे येऊन बसले, परातीतून कणकेचा गोळा उचलला, सुरीनं त्याच्या सहा बाजू केल्या. म्हणाले, "हे बघ. हा नट. हे कोपरे म्हणजे त्याचे कान. आजपर्यंतचा प्रत्येक पाना कानाला धरून ओढतो. कान हातात येणार नाही तर काय होणार? दंडाला धरायला पाहिजे." मग बोटांनी त्या गोळ्याच्या सपाट बाजू दाबून दाखवल्या, कोपऱ्यांना न शिवता. नटावर वरून टोपीसारखा बसतो त्या पान्याला कारखान्यात गोटी म्हणत. त्या गोटीच्या आत, जिथे नटाचे कोपरे येतात तिथे खाच काढायची, म्हणजे कोपरे मोकळे राहतील आणि जोर सगळा सपाट बाजूंवर येईल. एवढीच गोष्ट. झिजलेला नटसुद्धा निघेल, असं यांचं म्हणणं.

मी म्हटलं, "कळलं. पण माझी कणीक?"

"भाज की. सहा कोनी पोळी."

ती भाजली मी. यांनी ती कौतुकानं खाल्लीसुद्धा. त्या दिवसांत हे असे हसायचे, हे आता सांगूनही कोणाला पटत नाही.

मग कित्येक महिने रविवार म्हणजे कानस. बाहेरच्या ओट्यावर बसून करकर करकर, कान किटले माझे. पाना घडला, पण नुसतं लोखंड मऊ, जोर आला की फाकतं. त्याची वरची साल कडक करावी लागते. लोखंडी डब्यात पाना ठेवायचा, भोवती जनावरांच्या खुरांचे आणि हाडांचे तुकडे गच्च भरायचे, डबा मातीनं लिंपून भट्टीत घालायचा. आत ते सगळं जळतं आणि त्याचा कस लोखंडात उतरतो. मग काढून एकदम पाण्यात. शेजारच्या मुरारला एक नालबंद होता, पूर्वी रिसाल्याच्या घोड्यांना नाल ठोकायचा, आता टांग्यांच्या. त्याच्याकडून हे खुरांच्या चकत्या पोत्यात भरून आणायचे. पोतं घरात आणायची टाप नव्हती, ते सरळ भट्टीवर.

त्या दिवशी जे हे घरी आले! केस जळल्यावर येतो ना, तसला वास अंगाला. सासूबाईंनी दारातच अडवलं. "हा कसला वास?" यांनी खरं ते सांगितलं. हेच यांचं चुकायचं. सासूबाई मटकन खाली बसल्या. "हाडं? अरे, तुझे आजोबा शिवलेल्या पाण्यानं तोंड धूत नसत, आणि तू हाडं जाळतोस?" मी नळाखाली बादली लावली, यांनी अंगणातच अंघोळ केली. पाना मात्र खिडकीत बाहेरच्या बाजूला राहिला. काळाकुट्ट. देवघराच्या बाजूला आणायचा नाही, चुलीजवळ आणायचा नाही, असा हुकूम झाला. मी त्याला येता जाता बघायची. मला तो आवडला होता, काळा तर काळा.

आणि काय सांगू, तो पाना चालला! गाडीचा एक नट असा गोल झालेला की सगळे हात टेकून बसलेले. यांनी काळा पाना बसवला, दांड्याला जोर दिला, कट्ट करून आवाज, आणि नट फिरला. मी दगडावरून पाहत होते. लोकांनी यांना उचललं. कारखान्याची भट्टी सांभाळणारे चाचा तर यांच्या पाठीवर थापा मारत होते. मॅनेजर साहेबांनी स्वतः हातात घेऊन पाहिला आणि वर कळवतो म्हणाले.

आता त्या काळात वर कळवणं म्हणजे काय, ते लक्षात घ्या. लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी वस्तीत, घरोघरी ट्रंका बांधल्या जात होत्या. आज याला भोपाळ, उद्या त्याला इंदूर, परवा कोणाला बस्तर. आपली मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या इथली, रस्त्यात भेटली की एकच विचारायची, "तुमचं कुठं झालं?" आमच्या कारखान्याचंही एकीकरण होणार, जास्तीचे लोक काढणार किंवा लांब फेकणार, असं पक्कं होतं. मॅनेजर साहेबांनी यांना सांगितलं, "तुमचा पाना पास झाला तर सगळ्या डेपोंना तोच लागेल. तो इथंच बनेल. मग इथली भट्टीही राहते आणि तुम्हीही राहता." म्हणजे त्या पान्यावर आमचं ग्वाल्हेर होतं. दुसरं काही नाही. दसरा झाला की भोपाळहून मोठे इंजिनियर साहेब स्वतः बघायला येणार असं ठरलं.

दसरा म्हटला की खंडेनवमी आली. आमच्याकडे, मतलब सगळ्याच फौजेबरोबर आलेल्या घरांत, खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शिपायाची तलवार, कारकुनाची दौत, सोनाराचा हातोडा, ज्याचं जे असेल ते. पाटावर मांडायचं, हळदकुंकू, फूल, आणि मग हात लावायचा नाही. दशमीला उचलायचं ते पूजलेलंच उचलायचं, आणि वर्षाचं पहिलं मोठं काम त्यानंच करायचं. पूजलेलं घरी ठेवून दुसरं घेऊन निघणं म्हणजे देवीला पाठ दाखवणं. सासूबाईंनी जन्मभर हेच पाहिलेलं, त्यांच्या सासऱ्यांनी सरदारांच्या तलवारी पुजताना हेच सांगितलेलं.

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आयुष्याचं काम आहे, तो पाना पाटावर पाहिजे." आणि लगेच म्हणाल्या, "पण हाडांतला नाही. हाडांतलं माझ्या देवीपुढे येणार नाही."

मी म्हटलं, "आई, मग नुसती छिन्नी पुजा ना यांची."

"तू गप्प बस गं."

झाले मी गप्प. हे दोन दिवस विचारात. मग यांनी दुसरा पाना घडवला, अगदी तसाच, उलट जास्त सुबक, आणि तो कडक करायला डब्यात काय भरलं? नारळाच्या करवंट्या! सासूबाईंनी वर्षभराच्या नवसाच्या नारळांच्या करवंट्या जपून ठेवल्या होत्या, त्या जाळून त्यांचा कोळसा. मी विचारलं, "अहो, यानं होतं का कडक?" म्हणाले, "होतं. थोडा जास्त वेळ ठेवायचा." यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की यांनाच खात्री नाही. पण सासूबाई त्या करवंट्या पदरात घेऊन आल्या होत्या, त्या किती खूश होत्या ते तुम्ही पाहिलं नाही. कित्येक वर्षांनी मुलाच्या कामाला त्यांचा हात लागत होता.

पूजेतला पाना दिसायला देखणा झाला, चांदीसारखा. पाटावर झेंडूच्या फुलांत ठेवला. खिडकीतल्या काळ्याला कोणी एक पाकळी वाहिली नाही. मी जाता जाता त्याला बोटभर कुंकू लावलं, बाहेरूनच, सासूबाईंची पाठ वळलेली बघून.

साहेब यायचे त्या सकाळी मी यांना म्हटलं, "काळा घेऊन जा."

"पूजलेला हा आहे."

"मग दोन्ही न्या. खिशात एक, हातात एक. कोण बघतंय?"

सासूबाईंनी देवघरातून ऐकलं. "दोन कशाला? देवीवर भरवसा नाही का?" मी पण हट्टाला पेटले. काळा पाना फडक्यात गुंडाळला आणि यांच्या डब्यात पोळ्यांच्या खाली सरकवला. निघताना यांनी डबा उचलला तो जड लागला. उघडून पाहिलं. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी विष घातलंय. "अन्नाबरोबर?" एवढंच म्हणाले, आणि पाना काढून परत खिडकीत ठेवला. म्हणजे नुसतं सासूबाईंना नाव ठेवून चालणार नाही. ते यांच्याही रक्तात होतं.

आम्ही दोघी दगडावर चढलो. सासूबाईंच्या हातात कुंकवाची कोयरी. मी खिडकीतला काळा पाना पदराखाली धरून उभी. का घेतला कोण जाणे, घेतला खरा.

इंजिनियर साहेब वाईट नव्हते हो. कोणी वाईट असतं तर मला सोपं गेलं असतं, शिव्या तरी घातल्या असत्या. त्यांनी पाना हातात घेतला, आत बोट फिरवलं, आणि म्हणाले, "वाह, यह तो किसी ने सोचा ही नहीं।" मला तिथंच रडू यायला लागलं. सासूबाईंनी माझा हात दाबला. गाडी आधीच काढून ठेवली होती, चाकाचा नट चांगला गंजलेला, कोपरे गेलेले. यांनी पाना बसवला. दांडा धरला. जोर केला. नट हलला नाही. यांनी पाय टेकवून सगळं अंग टाकलं, आणि पाना फाकला. आतली खाच सपाट झाली, पाना निसटला, आणि यांचा हात जाऊन चाकाच्या कडेवर आदळला. रक्त आलं.

साहेबांनी आपला रुमाल दिला यांना. मग फाकलेला पाना बघून म्हणाले, "सोच अच्छी है मिस्त्रीजी, पर माल कच्चा है। दूसरा है क्या कोई?"

भट्टीवाले चाचा पुढे झाले, "साहब, वो पहले वाला..." यांनी हातानं त्यांना थांबवलं.

मी काळा पाना पदरातून काढला आणि भिंतीच्या वर धरला. उंच धरला. यांनी पाहिलं. शपथेवर सांगते, यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. मग यांची नजर माझ्या शेजारी गेली, आणि खाली वळली.

"नहीं साहब," हे म्हणाले. "दूसरा नहीं है।"

साहेब पुढच्या गाडीकडे गेले. नव्या राज्यात सगळी हत्यारं एकसारखी, कंपनीकडूनच येणार, असं नंतर कळलं. सासूबाई दगडावरून उतरता उतरता म्हणाल्या, "नजर लागली माझ्या लेकराला." माझ्या हातातला पाना त्यांना दिसला की नाही, मला माहीत नाही. कोयरीतलं कुंकू सगळं सांडलं होतं.

आमची बदली फार लांब झाली. भट्टी बंद. यांना स्टोअरमध्ये बसवलं, पाने मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. कंपनीचे पाने, कानाला धरणारे. हे घरी येऊन हात धुवायचे तर हात आधीच स्वच्छ असायचे. मला ते बघवायचं नाही. कानस कधी पुन्हा हातात घेतली नाही, मी ओट्यावर मुद्दाम आणून ठेवली तरी नाही. सासूबाई तिथंच गेल्या, परक्या गावात, शेवटपर्यंत त्या साहेबाला दोष देत. आणि दर खंडेनवमीला तो फाकलेला, चांदीसारखा पाना पाटावर असायचाच, झेंडूत. मी मांडायची. माझ्याच हातानं.

त्या गेल्यानंतर एकदा मी भांडले. चांगली कडाडून. "मी पाना हातात धरून उभी होते," मी म्हटलं. "मला बघितलंत तुम्ही. मग नाही का म्हणालात?"

हे म्हणाले, "आई तिथं उभी होती. काळा चालला असता तर तिला कळलं असतं ना, की कोणामुळे फसलं. तिच्या करवंट्यांमुळे. कसं करणार होतो मी ते, तिच्यासमोर?"

"आणि माझ्यासमोर काय केलंत?"

मी परत विचारलंही नाही. जे जायचं ते गेलं होतं, आता उत्तर घेऊन काय करू?

पेन्शन झाल्यावर परत आलो. पाटणकर बाजाराच्या मागे दोन खोल्या घेतल्या. ग्वाल्हेर होतं, पण आपलं म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. शेजारची पोरं माझ्याशी मराठीत सुरू करतात आणि अर्ध्यात हिंदीत जातात. यांचे गुडघे गेले, डोळे गेल्यातच जमा. सगळा दिवस भिंतीकडे तोंड करून खुर्चीत. भिंतीवर सासूबाईंचा फोटो.

आणि मला एक खूळ लागलं. काळा पाना मी टाकला नव्हता, प्रत्येक बदलीत ट्रंकेच्या तळाला होता. वाटलं, एकदा, फक्त एकदा, तो परत फिरलेला बघायचा. पिशवीत घातला आणि टेम्पोत बसून मुरारला गेले. जिथं नालबंदाचं दुकान होतं तिथं आता ट्रकवाल्यांच्या गॅरेजची रांग. एका मेकॅनिकसमोर जाऊन उभी राहिले. चाळिशीचा माणूस, भला. मी म्हटलं, "भैया, इसको लगाके देखो."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. मागे एक जुनी मोडकी लॉरी पडली होती, दरबारच्या जमान्यातली. तिच्या नटाचे कोपरे केव्हाच गेलेले. त्यानं काळा पाना बसवला, दांडा घातला, जोर केला. कट्ट. तोच आवाज. नट फिरला, जसं काही कालच तेल घातलेलं. मी तिथल्या टायरवर बसून घेतलं.

त्यानं आत बोट फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "माताजी, किसने बनाया? कमाल है।" मग पाना माझ्या हातात परत देत म्हणाला, "पर इस नाप के नट अब आते कहाँ हैं। सब मिलीमीटर का हो गया। यह तो कबाड़ में पड़ी थी, इसलिए लग गया।" आणि तो आपल्या कामाला लागला. त्याचं काय चुकलं?

घरी आले. न सांगण्याचं ठरवलं होतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. यांच्यापुढे खुर्ची ओढून बसले आणि मोठ्यानं म्हटलं, कारण आता ऐकूही कमी येतं, "अहो, काळा पाना घेऊन गेले होते मुरारला. लावून बघितला."

यांनी मान वळवली. किती तरी दिवसांनी. "निघाला?"

"निघाला. एका झटक्यात."

यांचे हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाले. ओठ हलले. मला वाटलं आता हसतील, त्या कणकेच्या दिवशी हसले होते तसे. नटांच्या मापाचं मी काही बोलणार नव्हते, तेवढं पोटात ठेवणार होते.

यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, आणि माझा हात धरून म्हणाले, "हळू बोल."

मी पाना पिशवीतून काढलाच नाही.